पुलापलीकडे सोडलेले उंदीर

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा घरात माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. सासू-सासरे आधीच गेलेले, दीर-नणंद नाही. मालक महाराजांच्या पागेत घोड्यांकडे कामाला. महाराज गादीवर येऊन फार वर्षं झाली नव्हती, तरणे होते, शिकारीचा नाद दांडगा. त्यामुळं पागा कधी पन्हाळ्याकडं, कधी दाजीपूरच्या रानात, आणि पागेबरोबर आमचे मालक. घरी यायचे ते धुळीनं भरलेले. एखादा दिवस राहायचे आणि भाकऱ्या बांधून घेऊन परत जायचे. मी आजऱ्याकडच्या खेड्यातली. तिकडं घरं लांब लांब, पण माणसं सारखी एकमेकांच्या दारात. इथं भिंतीला भिंत लागून घरं होती आणि मी एकटी होते.

आम्ही एका जैन व्यापाऱ्याच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायचो. पुढं दुकान, मधे धान्याचं कोठार, मागं आम्ही. व्यापाऱ्याच्या बायकोला सगळी गल्ली आक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. त्या दुकानाच्या वर राहायच्या. तोंडानं फटकळ, पण मी एकटी असते म्हणून दिवसातून एकदा जिन्यावरून हाक मारायच्या.

"हाईस का गं?"

"हाय की, आक्का."

बरेचदा माझं दिवसभराचं बोलणं तेवढंच व्हायचं.

बाकी आवाज होता तो उंदरांचा. मधे कोठार, त्यात ज्वारी आणि भुईमुगाच्या शेंगांची पोती, मग उंदरांना काय कमी. पण पोट भरलं तरी त्यांचे दात थांबत नसत. आढ्याला टांगलेल्या शिंक्याची दोरी त्यांनी कुरतडली आणि दुधाचं मडकं माझ्या डोळ्यांदेखत चुलीपुढं फुटलं. घुशींनी भिंतीच्या बुडाची माती उकरून चुलीपर्यंत बीळ आणलं. दसऱ्याच्या स्वारीत मालक जो चामड्याचा पट्टा बांधायचे, त्याला तेलाचा आणि घोड्याच्या घामाचा वास. तो तर उंदरांनी अर्धा खाल्ला. मालक आले, पट्टा हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "तू असतीस की घरात. ऐकू आलं न्हाई?" रागानं नव्हे, सहज विचारलं. ऐकू तर मला सगळंच यायचं.

एका दुपारी उन्हात घालायला म्हणून मी लाकडी पेटीतली वाकळ बाहेर काढली. ती माझ्या आईनं आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. माझं लग्न झालं आणि त्याच वर्षी आई गेली. मी ती वाकळ पांघरत नव्हते, जपून ठेवली होती. घडी उलगडली तर मधोमध भोक, कडेनं चिंध्यांचा भुगा आणि त्या भुग्यात उंदरीची पिल्लं. गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी. मी तशीच ओरडले असेन, कारण आक्का जिना उतरून आल्या.

त्यांनी वाकून बघितलं. "आई असंल इथंच कुठंतरी. झाकून ठेव."

"आक्का, माझ्या आईची वाकळ हाय ती."

मग त्या उंबऱ्यावर बसल्या. थोड्या वेळानं वर जाऊन कात्री घेऊन आल्या आणि पिल्लांखालचा तेवढा तुकडा आम्ही दोघींनी मिळून कापला. मी धरलं, त्यांनी कापलं. तुकडा पिल्लांसकट एका दुरडीत घालून त्यांनी कोठाराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. दिवस मावळेपर्यंत दुरडी रिकामी झाली होती. दुसऱ्या दिवशी आक्कांनी आपलं एक जुनं मऊ हिरवं लुगडं ठिगळाला दिलं, आणि सुताराकडून करवलेला एक लाकडी पिंजराही माझ्या दारात ठेवला. आत लावलेला खोबऱ्याचा तुकडा ओढला की मागं झडप पडायची.

"या घरात जीव मारायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "धर आणि लांब नेऊन सोड. आमच्या कोठारातलंबी धरलंस तरी चालंल."

असं ते काम माझ्याकडं आलं. खोबरं जरा विस्तवावर धरायचं, म्हणजे वास सुटतो. पिंजरा भिंतीला लागून ठेवायचा, उंदीर कडेकडेनं पळतो म्हणून. सकाळी झडप पडलेली असली की वर फडकं टाकायचं आणि निघायचं. पहिल्यांदा मी गल्लीच्या टोकाला ओढ्याकडं सोडून यायचे.

त्या वाटेवर पिंजाऱ्यांचं घर होतं. पिंजारी आत कापूस पिंजत असायचा, त्याच्या धनुकलीच्या तातीचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. त्याची म्हातारी बायको दारात बसून कापसातली सरकी निवडायची. एक दिवस तिनंच मला हटकलं.

"काय गं पोरी, रोज सकाळी कुणाची पालखी काढतीस?"

मी फडकं बाजूला केलं. ती हसली. तिला पुढचे दात नव्हते. "सोडतीस कुठं?"

"ओढ्याला, चाची."

"मग ते तुझ्या आधी घरी पोचत असंल."

मला ते पटेना. तिनं मला तिथंच थांबवलं, आतून लाल रंगात बुडवलेला कापसाचा बोळा आणला आणि पिंजऱ्याच्या फटीतून उंदराच्या पाठीला टेकवला. गादीच्या कापडाचा पक्का रंग होता तो. मी उंदीर ओढ्याला सोडला, आणि थोड्याच दिवसांत लाल पाठीचा तोच उंदीर माझ्या पिंजऱ्यात येऊन बसला. मी पिंजरा उचलून थेट चाचीकडं गेले. आम्ही दोघी इतक्या हसलो की पिंजारी काम थांबवून बाहेर आला. कोल्हापुरात आल्यापासून मी तशी हसले नव्हते.

"नदीपलीकडं सोड," चाची म्हणाली. "पाणी वलांडून न्हाई येणार."

मग मी पंचगंगेच्या पुलापर्यंत जाऊ लागले. आक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, जा की. जीव सोडायला जाते म्हटल्यावर गल्लीत कुणी काही बोलायचं नाही. एरवी एकट्या बाईला सकाळी एवढं लांब हिंडायला कुणी दिलं असतं? पुलावर गार वारा असायचा. खाली धुणं चाललेलं, म्हशी पाण्यात बसलेल्या, गुळाच्या गाड्या गावाकडं येत असलेल्या. पलीकडं उसाच्या बांधाला पिंजरा टेकवून झडप उचलायची. उंदीर क्षणभर दारात थांबायचा, मिशा हलवायचा आणि जायचा. मी थोडा वेळ तिथंच उभी राहायचे. येताना चाचीच्या दारात टेकायचे, तिच्याबरोबर सरकी निवडायचे. ती आपल्या मिरजेच्या लेकीचं सांगायची, मी आजऱ्याच्या रानाचं. घरी पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असायचं आणि दिवस लहान झालेला असायचा.

काही सकाळी पिंजरा रिकामा असायचा. तेव्हा मला वाईट वाटायचं. मग एकदा मी रिकाम्याच पिंजऱ्यावर फडकं टाकलं आणि निघाले. चाचीनं पिंजरा कसा हलका धरलाय ते बघितलं.

"आज पालखीत देव न्हाई वाटतं," एवढंच म्हणाली आणि बसायला सरकून जागा दिली.

पुण्या-मुंबईकडं गाठीचा ताप आल्याचं लोक बोलत होते. आधी उंदीर मरतात, मग माणसं, असं ऐकू यायचं. आम्हाला ते लांबचं वाटायचं. मग एका भर दुपारी आक्का माझ्या खोलीत जोंधळे पाखडायला बसल्या असताना कोठाराच्या दारातून एक उंदीर बाहेर आला. माणसं बसलेली दिसत असूनही तो सरळ आमच्याकडं चालत आला. चाल वेडीवाकडी. मधल्या मोकळ्या जमिनीवर येऊन स्वतःभोवती फिरला आणि कुशीवर पडला.

मी उठून त्याला उचलायला गेले. आक्कांनी माझा दंड धरला. "हात लावू नकोस." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. पदर नाकाला लावून त्या मला ओढतच बाहेर घेऊन आल्या.

त्यानंतर आढ्यावरून, पोत्यांच्या मागून उंदीर पडायला लागले. शेजारच्या गल्लीत एक माणूस गेला, मग त्याची सून गेली. दरबारचे शिपाई घरोघर सांगत फिरले की गाव सोडा, बाहेर रानात झोपड्या घाला. आक्कांच्या दारात बैलगाडी लागली. त्यांचं गाव लांब नदीकाठाला, शेतीवाडी होती.

"चल आमच्यासंगं," आक्का म्हणाल्या.

"मालक येतील. घर बंद बघून कुठं हुडकतील?"

"हुडकंल की. घोडी सांभाळणारा गडी हाय, बायको न्हाई सापडायची त्याला?"

तरी मी गेले नाही. त्यांनी आग्रह केला नाही, वेळ नव्हता. गाडी वळेपर्यंत त्या मागं बघत बसल्या होत्या.

पण शेवटी शिपायांनी मलाही घराबाहेर काढलं. उचगावच्या बाजूला माळावर झोपड्यांच्या रांगा पडल्या होत्या, तिथं नेलं. तट्ट्यांच्या भिंती, वर कडबा. येणाऱ्याचे कपडे आणि अंथरूण आधी उकळत्या कढईत टाकायचे. माझी वाकळ त्यांनी बांबूनं पाण्यात ढकलली. बाहेर काढली तेव्हा आईच्या लुगड्यांचे रंग आणि आक्कांचं हिरवं ठिगळ, सगळं एकमेकांत उतरून चिखलासारखं झालं होतं. मी ती कुडावर वाळत घातली. तिथं माणसं पुष्कळ होती, पण जो तो आपल्या दारात बसून दुसऱ्याकडं बघायचा, कुणाला ताप आलाय का म्हणून. शेजारची बाई बोलायची तीसुद्धा तोंड दुसरीकडं फिरवून. महाराज स्वतः वस्तीवर येऊन गेले असं लोक सांगत होते. मी काही बघितले नाहीत.

आणि एक दिवस मालक आले. वस्तीभोवती काट्यांचं कुंपण होतं, त्याच्या पलीकडं रस्त्यावर ते उभे होते. आत आले असते तर त्यांना पुन्हा पागेत घेतलं नसतं. शिपाई मला बोलवायला आला. मी कुंपणापाशी जायला लागले तर त्यानं काठी आडवी धरली, म्हणाला, इथूनच बोला. मधे अख्खं एक वावर होतं. नवऱ्याशी चारचौघांत हळू आवाजात बोलायची सवय असलेली मी, मला तिथं सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडून बोलावं लागलं.

"बरी हाईस न्हवं?" मालक ओरडले.

"हाय."

"ताप?"

"न्हाई. तुमी?"

"बरा हाय."

मला पुष्कळ विचारायचं होतं. पण ते ओरडून कसं विचारायचं? माणसं आपापल्या दारातून बघत होती. मालकांनी एक गाठोडं कुंपणाच्या आत टाकलं आणि ते गेले. वळणावर एकदा थांबले, हात वर केला नाही, नुसते थांबले. गाठोड्यात तांदूळ होते आणि पागेतल्या घोड्याला घालायचं एक जाड घोंगडं. थंडी पडली होती, ते त्यांच्या ध्यानात आलं असावं.

घरी परतायची परवानगी मिळाली तेव्हा रानात सुगी चालू होती. गल्लीत शिरले तर अर्ध्या घरांना कुलपं. आमच्या खोल्यांची कौलं उतरवून ठेवली होती, आत ऊन पडावं म्हणून. भिंतींना चुना फासलेला. चुलीपुढं उभं राहून वर बघितलं तर आभाळ. घरातलं लाकडी सामान, पेटी, पिंजरा, सगळं गल्लीत काढून जाळलं होतं.

व्यापारी आपल्या दुकानात एकटाच बसला होता. पुढं माल नव्हता. मला बघून उठला नाही.

"तुझी आक्का गेली," तो म्हणाला. "गावाला पोचली न पोचली तोच ताप चढला."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. मग तो म्हणाला, "तू ऱ्हा हितंच. घराला माणूस पायजे." मी मान हलवली.

दुसऱ्या सकाळी मी पिंजाऱ्यांच्या घराकडं गेले. दाराला कडी घातलेली, कडीत काटकी खोचलेली. समोरच्या घरातली बाई म्हणाली की ती दोघं मिरजेला लेकीकडं गेली. पोचली का, ते तिला ठाऊक नव्हतं. मी पुढं नदीपर्यंत गेले नाही, हातात काही नसताना तिकडं जायला मला कारण नव्हतं. पुढं मिरजेकडचं कुणी भेटलं की मी पिंजारी म्हातारा-म्हातारीचं विचारायचे. कुणाला सांगता आलं नाही.

कौलं परत चढेपर्यंत मी उघड्या घरात राहिले. कोठार रिकामं, वर आक्कांची पावलं नाहीत, आढ्यावर उंदरांची खुडबुड नाही. हातातून पळी पडली तरी तिचा आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर जायचा. कधी कधी दुपारी मी कोठाराच्या दाराशी जाऊन उगीच उभी राहायचे. काय ऐकायला, ते मलाही सांगता आलं नसतं.

पुढं पागा गावात परत आली आणि मालक घरी आले. अंगानं निम्मे झाले होते. हातपाय धुतले, भिंतींकडं बघितलं, म्हणाले, "सगळं पांढरं झालं की." मी आक्कांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीला टेकून बसल्या जागी डोळे मिटले. मग हळूहळू खाली सरकत जमिनीवरच झोपले. मी उशाला धडुतं सरकवलं आणि शेजारी बसून राहिले. स्वयंपाकाची वेळ होऊन गेली. पण मी चूल पेटवली नाही. धूर झाला असता, आणि ते जागे झाले असते.