मोळी वाहिलेलं डोकं

महिना झाला. सकाळी अंकुशच्या घरून, सरूवहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्ये गेले," एवढंच म्हणाल्या. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. चाळीस वर्षांच्या दोस्तीला एक "बरं"... माझा मलाच राग आला.

अंकुश आणि मी सहकारी साखर कारखान्यात एकाच पाळीला होतो. दुष्काळाच्या त्या वर्षी ऊसच नव्हता, गाळप लवकर आटोपलं आणि कोल्हापूरकडच्या एका केमिस्टनं आम्हा रिकामटेकड्यांना फुटबॉलचं वेड लावलं. मैदान कुठलं? आटलेला पाझर तलाव! भेगाळलेल्या तळात चेंडू घरंगळायचाच नाही, म्हणून आमचा सगळा खेळ हवेतून. मी गोलकीपर. मी उंच लाथ हाणायची आणि पुढं अंकुशनं डोक्यानं गोल मारायचा. तो ऊसतोड्याच्या घरचा, डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकवर चढलेला. एवढं ओझं पेललेल्या डोक्याला चेंडूचं काय, असं आम्ही शहाणे धरून चाललो. एकदा तो मटकन खाली बसला. "लई गरगरतंय बे," म्हणाला. मी हसलो. "मोळी वाहिलेलं डोकं हाय तुझं, ऊठ!" तो उठला. पुढं दर उन्हाळ्यात तलाव आटला की आमचा खेळ ठरलेला, आणि बारा-पंधरा वर्षं तो उठतच राहिला.

पन्नाशी उलटली आणि तो घराची वाट चुकू लागला. डॉक्टर म्हणाले, खात्रीनं सांगता येत नाही, पण डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांनी मेंदूला आतून इजा होऊ शकते. वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलायला हवं होतं.

शेवटी शेवटी तो मलाही ओळखेना. रोज संध्याकाळी ओसरीतल्या बाजेवर शेजारी बसलो की विचारायचा, "तुमी कोन्या गावचे?" एकदा मला राहवलं नाही. "अंकुश, माझ्यामुळं झालं रे हे. माफ कर मला," म्हणालो आणि रडलो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"कावून रडता, पाव्हणं? आमचा गोलकीपर येईल आता. लई जिवाचा मानूस हाय त्यो. त्याच्यासंगं बोला, बरं वाटंल."

माफी मिळाली की राहिली, मला कळलं नाही. संध्याकाळी पाय अजून त्याच ओसरीकडं वळतात. वहिनींनी बाज हलवलेली नाही. मी बसतो. त्या गोलकीपरबद्दल चांगलं बोलणारं आता तिथं कुणी नाही.