पत्र्याच्या सशाचं तोंड

ओपल ट्रिम्बलच्या खाणावळीसमोर पत्र्याचा रानससा बसलेला असे. दुमजली घराएवढा उंच, कान त्याच्याही वर, आणि पुढचे दात कपाटाच्या दारांएवढे. तिच्या दिवंगत नवऱ्यानं, ॲल्विननं, जुन्या टाक्यांचे पत्रे जोडून तो उभा केला होता. सहासष्ट नंबरच्या रस्त्यानं जाणारे लोक थांबायचे, पोरांना सशाच्या पंजावर बसवून फोटो काढायचे. फोटो काढून झाला की भूक लागायचीच. मग आत येऊन कॉफी आणि ओपलच्या हातचा 'पीच पाय', म्हणजे पीचच्या फोडी भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ.

सशाचं तोंड पूर्वेकडे होतं. त्यात कुणाला विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं. शिकागोहून निघालेला माणूस कॅलिफोर्नियाला जाणार, म्हणजे तो पूर्वेकडूनच येणार. कॉटनबेंड गावातली एकूण एक पाटी तशीच लावलेली. दर मे महिन्यात सगळं गाव जमून ससा रंगवी, तोही फक्त पुढून. मागच्या बाजूला गंज धरू नये म्हणून तांबडं अस्तर फासलं की झालं. "त्याचं बूड कोण बघतंय?" असं गॅरेजवाला हर्शेल स्टिल्स दरवर्षी म्हणे, आणि लोकही दरवर्षी तितकेच हसत.

नवा हमरस्ता गावाला वळसा घालून गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. तरी जुन्या रस्त्याच्या प्रेमापोटी थोड्या गाड्या येत. पण त्या हिवाळ्यात गावाच्या पूर्वेचा, जुन्या रस्त्यावरचा ओढ्याचा पूल कायमचा बंद झाला आणि खाणावळीतली टेबलं रिकामी राहू लागली.

टल्साहून तिचा मुलगा रँडल दर रविवारी फोन करी.

"आई, खोली रंगवून ठेवलीय. उन्हाळ्यात धंदा झाला नाही, तर कुलूप लावून इकडे यायचं. ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय," ओपल म्हणे. ती शब्द फिरवणारी बाई नव्हती, म्हणून तर तिला त्या उन्हाळ्याची धास्ती होती. सत्तरी उलटली होती. केस घट्ट बांधलेले, चष्मा साखळीनं गळ्यात. समोर गिऱ्हाईक जेवत असताना ती कधी खुर्चीवर टेकली नाही. टल्साच्या त्या रंगवलेल्या खोलीत बसण्याखेरीज काय करायचं, हे तिला कळत नव्हतं.

एप्रिलमध्ये एकदा ती पिठाची पोती आणायला नव्या हमरस्त्यानं गेली. परतताना गावाच्या पश्चिमेच्या उतारावरून खाली आली आणि गाडी बाजूला घेऊन थांबली. आता हमरस्त्यावरून येणारे सगळे याच वाटेनं उतरत होते. पेट्रोल भरायला थांबत, गावाकडे एक नजर टाकत आणि पुन्हा हमरस्त्याला लागत. त्यांना दिसायचं काय, तर माळावर एक तांबडं, गंजकं ढुंगण. ओपलला आधी हसू आलं. मग नाही आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी ओततानाच तिनं जाहीर केलं, "ससा फिरवायचा."

हर्शेलचा घास तोंडातच राहिला. "कुठं फिरवायचा?"

"पश्चिमेकडे तोंड करून."

"अगं, डोकंबिकं फिरलं का तुझं? सहासष्टचा रस्ता पश्चिमेला जातो. पूर्वेला कोण जातं?"

"पूल बंद झाल्यापासून सगळेच तिकडून येतात. त्यांना सशाचं बूड दाखवून मी पीच पाय खायला बोलावू?"

"ॲल्विननं आणि मी मिळून बसवलाय तो! ॲल्विननं स्वतः तोंड तिकडं केलं. मी माझा क्रेनचा ट्रक देणार नाही, सांगून ठेवतो."

"ॲल्विननं तोंड गिऱ्हाइकाकडे केलं होतं, हर्शेल. गिऱ्हाईक हललं."

हर्शेल उठला. अर्धं ताट तसंच टाकून तो निघून गेला. त्याच्या बाबतीत असं कधी घडलं नव्हतं.

ओपल कामाला लागली. ससा काँक्रीटच्या ओट्यावर जाडजूड बोल्टांनी आवळलेला होता. न्याहारीची वेळ संपली की ती तेलाची बुधली घेऊन ओट्याशी गुडघे टेकी. बोल्टांत तेल सोडायचं, हातोडीनं ठोकायचं, पान्याला लांब नळी अडकवून सगळ्या अंगाचा भार टाकायचा. पहिले काही दिवस काहीच हललं नाही. आतून लोक ओरडत, "ओपल, ससा पळाला का गं?" ती ओरडे, "तुमची कॉफी आटली की पळेल!" आणि पुन्हा नळीवर लोंबकळे. तळहाताला फोड आले, तर तिनं भांडी धुवायचे हातमोजे चढवले.

पहिला बोल्ट सुटला तेव्हा ती बुडावर आपटली. शेवटचा सुटायच्या बेताला आला, तेव्हा मागं ट्रक घरघरला.

"ऊठ तिथून," हर्शेल म्हणाला. "मला मुळीच पटलेलं नाहीये. पण तो तुझ्या पायावर पडला, तर मला सकाळी बिस्किटं-ग्रेव्ही कोण देणार?"

"आधी साखळी बांध. मग बडबड."

ससा ओट्यावरून वीतभर उचलला गेला, वाऱ्यानं जरा डुलला आणि हळूहळू फिरला. हर्शेल ट्रकमधून उतरला नाही. समोरच्या काचेतून त्याला आता सशाची तांबडी पाठ दिसत होती, पश्चिमेकडून येणाऱ्यांना आजवर दिसायची तशीच.

मे महिन्यात गावानं ससा रंगवला. कुरकुर झालीच. जुन्या रस्त्याच्या मंडळातले एक गृहस्थ तर म्हणाले की आमच्या नकाशावर ससा पूर्वेकडे बघतोय, आता काय छापायचं. ओपलनं त्यांच्या हातात ब्रश दिला.

पहिल्या आठवड्यात तीनच गाड्या वळल्या. ओपलनं तरी पीच पाय कमी केले नाहीत, उरलेले शेजाऱ्यांना वाटले.

मग एका दुपारी बेकर्सफील्डहून एक वयस्क जोडपं आलं. बाई म्हणाली, "माझी आई इथली. दुष्काळानं शेतांची धूळ होऊन उडाली, त्या वर्षांत सगळं ट्रकवर लादून कॅलिफोर्नियाला गेली. आता ती वारल्यावर म्हटलं, निदान गाव तरी बघावं. उतारावरून तो ससा दिसला."

हर्शेल शेजारच्या टेबलावर होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "आईचं माहेरचं नाव काय?" त्यानं विचारलं, आणि संध्याकाळपर्यंत तो त्या दोघांना ट्रकमधून शेतं दाखवत फिरत होता.

अशी माणसं येतच राहिली. पश्चिमेला गेलेल्यांची मुलं, नातवंडं. जून संपताना रविवारी फोन वाजला, तेव्हा ओपलच्या दोन्ही हातांत ताटं होती.

"आई, मग खोलीचं काय ठरवलंस?"

"सूनबाईचं शिवणाचं मशीन ठेव तिथं," खांद्यावर फोन दाबत ओपल म्हणाली, "आणि फोन ठेव आता, खिडकीपाशीच्या टेबलावर माणसं खोळंबलीत."