तांदळाच्या डब्यावरची टिकली

आमची मुलगी कल्याणच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलने तिला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, जर्मन भाषेची परीक्षा. जानेवारीत वाचन, ऐकणं आणि बोलणं या तीन विभागांत ती पास झाली. लेखनात सत्तावन्न मिळाले, लागतात साठ. मार्चमध्ये तेवढा एक विभाग पुन्हा द्यायचा होता. तेव्हाही राहिली असती तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

तिला सगळ्यात जड जात होतं ते नामांचं लिंग. जर्मनमध्ये नामाआधी डेर, डी किंवा डास लावावं लागतं. आपल्याकडेही तो, ती, ते आहे, पण त्याचा उपयोग होत नाही, उलट घोटाळाच होतो. आपली खुर्ची ती, त्यांची तो. आपली खिडकी ती, त्यांची ते. बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "अहो, डास शिकायला ठाण्याला कशाला जायला हवं? डोंबिवलीत कमी आहेत का?"

मी एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर आहे. मालाला खूण नसली तर माल सापडत नाही, हे मला पंचवीस वर्षांत चांगलं कळलं आहे. म्हणून ऑक्टोबरमध्ये मी टिकल्यांची तीन पाकिटं आणली. डेरला काळी, डीला लाल, डासला हिरवी. डिक्शनरीत प्रत्येक शब्द दोनदा तपासून यादी केली आणि मुलीने घरातल्या एकशे बारा वस्तूंवर टिकल्या लावल्या. पंखा काळा, दार लाल, खिडकी हिरवी. तिच्या ड्यूटीच्या वेळा सारख्या बदलायच्या, बसून पाठ करायला वेळ कमी, तेव्हा येता-जाता नजरेखालून जावं एवढाच हेतू.

जानेवारीच्या निकालानंतर मी रोज संध्याकाळी तिला साठ शब्द विचारू लागलो. चुकला तो तिला न सांगता नुसता लिहून ठेवायचा. तीन आठवड्यांनी कागद समोर घेऊन बसलो. एकूण चुका कमी होत होत्या, पण सहा शब्द असे होते की ते ती प्रत्येक वेळी चुकत होती, आणि प्रत्येक वेळी एकाच प्रकारे. डेर हवं तिथे डी. शेगडी, कपाट, किल्ली, आरसा, तांदूळ, साखर. स्टोअरमध्ये कधी हा माल कमी, कधी तो, असं असेल तर ती माणसाची चूक असते. एकाच कप्प्यात नेहमी कमी येत असेल तर आधी कप्प्यावरचं कार्ड बघावं.

मुलगी रविवारी सकाळी ठाण्याला क्लासला गेली होती. मी यादी घेऊन घरात फिरलो. त्या सहाही वस्तूंवर लाल टिकली होती. पंख्याची काळी टिकली जागेवर होती, खुर्चीची होती, केराच्या बादलीचीही होती.

बायको पोळ्या लाटत होती. मी विचारलं, "शेगडीची टिकली तू बदललीस?"

"हो. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी. पूजा मांडायची आणि शेगडीला काळी टिकली? तांदळाच्या डब्याला काळी? तुमच्या जर्मनांना चालत असेल."

"अगं, काळी म्हणजे डेर. तुला सांगितलं होतं."

"मला वाटलं, एवढ्याशा टिकलीने काय होतंय. बादलीची ठेवली की तशीच." मग तिचं लाटणं थांबलं. "म्हणजे तिने ते लाल बघून पाठ केलं? आणि जानेवारीत माझ्यामुळे राहिली ती?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

खरं तेच होतं. पण ते वेगळ्या आवाजात म्हणता आलं असतं. तिने गॅस बंद केला आणि अर्धी लाटलेली पोळी तशीच ठेवून स्टुलावर बसली.

दुपारी मुलगी आली. मी सगळं सांगितलं. ती आधी हसली. "तरीच. मॅडम म्हणाल्या होत्या साखर डेर. मला वाटलं मॅडमच चुकल्या. बाबांची यादी चुकत नाही."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पुस्तकापेक्षा आणि बाईंपेक्षा तिने माझ्या यादीवर भरवसा ठेवला होता, आणि यादी केल्यावर चार महिने मी घरातली एक टिकलीसुद्धा फिरून तपासली नव्हती. कंपनीत मी दर महिन्याला तपासतो.

तेवढ्यात तिचं आईकडे लक्ष गेलं. आईचे डोळे लाल होते. मुलगी लगेच म्हणाली, "आई, तुला काय वाटतंय, त्यामुळे मार्क गेले? वेडी आहेस का? परीक्षेत लिहायच्या पत्रात तांदूळ-साखर आलीच नव्हती. हो ना, बाबा?"

पत्राचा विषय मला माहीत होता. भाड्याने घेतलेल्या खोलीबद्दल तक्रार करायची होती, कपाट उघडत नाही, किल्ली मिळाली नाही. परीक्षेहून आल्यावर तिने जेवताना आम्हाला सगळं सांगितलं होतं.

"नाही, तांदूळ-साखर नव्हती," मी म्हणालो. त्यात एक शब्द खोटा नव्हता. तरी मी पाणी प्यायला आत गेलो.

परीक्षेला अठरा दिवस होते. काळी टिकली काही आमच्या शेगडीवर परत गेली नाही. मुलीने सगळ्या काळ्या टिकल्या आणि त्या सहा लाल काढून तिथे पिवळ्या लावल्या, कारण पिवळीला आईची हरकत नव्हती. शब्द विचारायचं काम आता बायकोने मागून घेतलं. तिला जर्मन येत नव्हतं. ती लाटण्याने वस्तू दाखवायची आणि मुलीने टिकलीकडे पाठ करून सांगायचं. चुकलं की बायको नुसतं "अंहं" म्हणायची. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होतो, काही लिहीत नव्हतो. त्या अठरा दिवसांत किती चुका झाल्या याची माझ्याकडे कुठेच नोंद नाही.

लेखनात अडुसष्ट मिळाले. मुलीने हॉस्पिटलमधूनच फोन केला. बायको तिच्याशी बोलली, देवापुढे साखर ठेवली, मग माझ्याशेजारी येऊन बसली.

"तेव्हा पत्रात कपाट आणि किल्ली आली होती ना?"

इतके दिवस ती हे मनात ठेवून होती. मी म्हणालो, "आली होती."

"तीन मार्क त्याचेच असतील?"

"ते काढता येत नाही. खरंच नाही येत. मी प्रयत्न करून पाहिला."

"पोरीने मात्र किती पटकन तांदूळ-साखर काढली," ती म्हणाली. "मला कळलंय हे तिला सांगू नका हं."

"नाही सांगत," मी म्हणालो.