हसनभाईंच्या खिशातलं बटण

महादेवतात्या गेले आणि आमच्या ऑर्केस्ट्राच्या मंडळींची पंचाईत झाली. कुणी भेटलं की 'वाईट झालं' म्हणून दोन मिनिटं गप्प बसायचं, अशी रीत. आमची दोन मिनिटं काही पुरी होत नाहीत. तेवढ्यात कुणीतरी 'ती घोडी...' म्हणतो आणि चहा गार होईपर्यंत सगळे हसत बसतात. इंदापूरच्या स्टँडजवळच्या हॉटेलवाल्यानं परवा विचारलंच, "मयताचं बोलताय का लग्नाचं?"

ज्यांनी तात्यांना ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा पहिला माणूस म्हणजे तात्या. निरवांगीत त्यांचं विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. मी दिवसा माळेगावला कारखान्यात वजनकाट्यावर, आणि लग्नसराईत तात्यांच्या शेजारी कोंगो वाजवायला. तिसरे हसनभाई, इंदापूरचे लाउडस्पीकरवाले. स्पीकर त्यांचे आणि अॅम्प्लिफायर, म्हणजे आमच्या भाषेत मशीन, तेही त्यांचंच.

तात्यांची आयुष्यात एकच इच्छा होती. एकदा तरी मशीन फुल्ल करून वाजवायचं. आणि हसनभाईंचीही एकच इच्छा होती, ते होऊ द्यायचं नाही.

* * *

नव्वदच्या आसपासची गोष्ट. तात्यांनी रेडिओवर कुठंतरी इलेक्ट्रिक गिटार ऐकली आणि डोक्यात भुंगा शिरला. बारामतीतून जुनी साधी गिटार आणली, फुटक्या स्पीकरचं चुंबक काढलं आणि त्याच्यावर मोटारीची तांब्याची तार गुंडाळायला घेतली. आठ दिवस दुकानात दुसरं काम नाही.

नवव्या दिवशी एक शेतकरी आपली मोटार न्यायला आला. ऊस वाळायला लागलेला. तात्यांनी त्याला बाकड्यावर बसवलं, गिटार हसनभाईंच्या मशीनला जोडली आणि एक सणसणीत तुकडा वाजवला. म्हणाले, "ऐकली? तुझ्याच मोटारीची तार हाय ही."

तो शांतपणे म्हणाला, "ब्येस हाय. पाणी काढती का?"

* * *

पहिली सुपारी लासुर्ण्याची. नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला होता. तात्यांनी पहिलाच फटका असा मारला, की घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि नवरदेवाला घेऊन उसात घुसली!

निम्मी वरात उसात शिरली. हळद लागलेला नवरदेव तासाभरानं पलीकडच्या वस्तीवर सापडला. बाशिंग गायब, अंगभर पाचटाचे ओरखडे. मुलीचा बाप तणतणत तात्यांपुढं आला. तात्या हात जोडून म्हणाले, "पाव्हणं, आवाज अर्धाच हुता."

त्या दिवसापासून हसनभाईंनी नियम केला. मशीन अर्ध्यावर लावायचं, आवाजाचं बटण उपसून सदऱ्याच्या खिशात टाकायचं आणि मगच तात्यांना म्हणायचं, "वाजव."

तात्या हार मानणारे नव्हते. पुढच्या लग्नाला ते दुकानातली पक्कड घेऊन आले. बटण नसलं तरी आतली काडी पकडीनं फिरते. हसनभाईंनी मग कार्यक्रमाआधी तात्यांचे खिसे तपासायला सुरुवात केली. मांडवात पाहुणे बघायचे, स्टेजवर दोन पोक्त माणसं एकमेकांची झडती घेतायत. पुष्कळांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटायचा.

* * *

हा किस्सा माझा सगळ्यात लाडका. तात्यांना आवाज घुमवायचा होता. घुमवायचं यंत्र मुंबईत मिळतं असं कळलं, पण तात्या म्हणाले, "हीर हाय की आपल्याकडं."

घरामागची विहीर त्या उन्हाळ्यात कोरडी होती. स्पीकर दोरानं तळाला सोडला. गिटार घेऊन तात्या खाली उतरले. माइक मधोमध लोंबता ठेवला आणि वर हसनभाई टेपरेकॉर्डर घेऊन बसले. धून तात्यांचीच, 'आवर्तन'. कालव्याला आवर्तन सुटलं की कोरड्या चारीतून पाणी कसं पुढं येतं, पाचट ढकलत, फेस काढत, ते सगळं त्यांनी तारांवर आणलं होतं. विहिरीतून ते असं उसळून वर आलं की माझ्या अंगावर काटा आला.

धून ऐन भरात असताना वैनी, म्हणजे तात्यांची बायको, विहिरीच्या काठावर आल्या. आत वाकून खणखणीत आवाजात ओरडल्या, "आवं, या की जेवायला! भाकरी गार झाली!"

सगळं टेप झालं, घुमत घुमत. हसनभाईंनी कपाळावर हात मारला. आम्ही म्हटलं, पुन्हा वाजवा. तात्यांनी कॅसेट पुन्हा ऐकली, तिसऱ्यांदा ऐकली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तिचा सूर बराबर लागलाय."

* * *

एकदा शेतीखात्याचे एक साहेब ती कॅसेट ऐकून चक्रावले. म्हणाले, परदेशात समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन उभी राहणारी पोरं असतात, त्यांच्याकडं अशीच गिटार वाजते. तात्यांनी विचारलं, "फळीवर उभं ऱ्हायलं तर गिटार कोण धरतं?"

पण ते मनात राहिलं. तात्यांनी समुद्र पाहिला नव्हता. मग हसनभाईंच्या टेम्पोतून आम्ही तिघं कोकणात गेलो. तात्या पाण्यात गुडघाभर उभे राहून कितीतरी वेळ ऐकत होते. मग वळून म्हणाले, "हसनभाई, ह्याला कुणी कमी कर म्हनत न्हाय का रं?"

हसनभाईंनी नुसता सदऱ्याचा खिसा चाचपला. त्यानंतर वर्षभरातच तात्या आजारी पडले, आणि फुल्ल आवाज राहून गेला तो गेलाच.

* * *

आता दहाव्याचं सांगतो. नदीकाठी तात्यांच्या पुतण्यानं पिंड मांडले. तात्यांना मानवंदना म्हणून 'आवर्तन' लावायचं आम्हीच ठरवलं होतं. हसनभाईंनी कॅसेट घातली, नेहमीसारखं अर्ध्यावर. पहिला फटका वाजला आणि बाभळीवरचे सगळे कावळे नदीपार! गुरुजींनी आमच्याकडं जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. मशीन बंद केलं.

अर्धा तास गेला, मग तास गेला. एक कावळा येईना. पुतण्या हात जोडून म्हणाला, "तात्या, दुकान बंद पडू देणार न्हाय." मी म्हटलं, गिटार विकू देणार नाही. वैनी पदर तोंडाला लावून बसलेल्या. आपल्याच हौसेपायी तात्यांचा घास अडला, दुसरं काय?

गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात हसनभाई उठले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बटण काढलं, मशीनला बसवलं आणि अखेरपर्यंत फिरवलं.

गुरुजी "अहो, अहो" म्हणेपर्यंत कॅसेट सुरू झाली होती. नदीचा काठ हादरला. पत्रावळी थरथरल्या. पाणी आलं, पाचट ढकलत, फेस काढत. एक स्पीकर फाटला तरी हसनभाईंनी बटणावरचा हात काढला नाही. आणि मग फुल्ल आवाजात, या काठावरून त्या काठापर्यंत घुमत, वैनींची हाक आली, "आवं, या की जेवायला! भाकरी गार झाली!"

पलीकडच्या काठावरून एक कावळा उठला. सरळ पाण्यावरून आला आणि पिंडावर बसला.