वार अजून खालीच आहे

सोनईत घराच्या ओट्यावर मशीन टाकून स्टेला बायकांचे ब्लाउज शिवायची. तिचा नवरा सॅमसन टेम्पो चालवायचा. थोरला जॉय इतका सहज जन्मला होता, की सासूबाई दयाबाई अजून चर्चमध्ये कौतुकानं सांगायच्या, "आमची स्टेला दवाखान्यात गेली अन् पोरगं घेऊनच आली." त्यामुळे दुसऱ्या खेपेला घरात कुणालाच धास्ती नव्हती. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत वार, म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, खाली दिसली, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "बहुतेकींची पुढे वर सरकते. पण थोडंही रक्त दिसलं तर लगेच यायचं." स्टेलानं मान डोलावली आणि कामाच्या धांदलीत ते पार विसरून गेली.

आठव्या महिन्यात एका सकाळी शेजारच्या झुंबरबाई नातीच्या रविवारच्या साखरपुड्याचा ब्लाउज शिवून घ्यायला आल्या. टेप घ्यायला स्टेला उठली आणि पायांवरून काहीतरी कोमट ओघळलं. पाणी सांडलं असेल म्हणून तिनं खाली पाहिलं. फरशी लाल झाली होती.

"लई दुखतंय का गं?" झुंबरबाईंनी तिला धरत विचारलं.

"काहीच दुखत नाही, मावशी." हे सांगतानाच तिला डॉक्टरबाईंचे शब्द आठवले.

सॅमसननं शेजाऱ्यांची गाडी काढली. दयाबाई मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. नगरला सावेडीतल्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्या सारख्या तिच्या साडीवरच्या डागाकडे बघत होत्या.

तपासून झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळ ठीक आहे. रक्तही थांबलंय. पण वार अजून खालीच आहे, गर्भपिशवीच्या तोंडावर. बाळाची वाटच अडलीय. कळा येऊ द्यायच्या नाहीत. तारीख ठरवून सिझर करू."

"नॉर्मलचा एकदा प्रयत्न केला तर?" सॅमसननं विचारलं.

"नाही. दोघांच्याही जिवावर बेतेल. ऑपरेशनच्या वेळी रक्ताच्या बाटल्या तयार ठेवू. आणि एक आधीच सांगते. रक्त थांबलंच नाही, तर हिला वाचवायला पिशवी काढावी लागू शकते. सहसा तशी वेळ येत नाही, पण तुम्हाला माहीत असायला हवं."

स्टेलानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "मी रविवारपर्यंत घरी जाईन ना? ब्लाउज द्यायचाय."

आपण काही भलतंच विचारतोय असं तिला वाटलंच नाही. सॅमसन मात्र तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

डॉक्टरबाईंनी गावाकडे परत जाऊ दिलं नाही. जवळच नणंदेचा, एंजलचा फ्लॅट होता. तिथं स्टेला पडून राहिली. पोटातलं बाळ हललं की ती श्वास रोखून धरायची. एका दुपारी तिनं दयाबाईंना विचारलं, "आई, मशीन मारून मारून झालं का हो हे?"

"न्हाई. मी मॅडमला इचारलं. कशानं झालं न्हाई, अन् कुनामुळं बी न्हाई."

मग त्यांनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "माझी आई अशीच गेली, स्टेला. दुखणं न्हाई, कळ न्हाई. नुसतं रगत. मी दारात उभी हुते. काय झालं ते मला कुनीच सांगितलं न्हाई. परवा मॅडम बोलत हुत्या, तवा कळलं."

इतक्या वर्षांत या बाईनं आईचं नावसुद्धा काढलं नव्हतं. आता स्टेलाला आपल्या जिवाची भीती वाटावी की त्या दारातल्या पोरीची कीव यावी, कळेना. तिनं नुसता त्यांचा हात धरला.

ठरल्या दिवशी पाठीत इंजेक्शन देऊन तिला आडवं केलं. छातीपुढे हिरवं कापड होतं. ओढाताण जाणवत होती, दुखत नव्हतं. बाळ रडलं आणि कुणीतरी म्हणालं, "मुलगी." गुंडाळलेला तो चेहरा क्षणभर तिच्या गालाला लागला. मग कापडापलीकडचे आवाज अचानक दबके झाले. "अजून एक बाटली लावा." तिचे दात वाजायला लागले. पिशवी, तिच्या मनात आलं. पण विचारायला जीभ उचलेना.

किती वेळ गेला तिला कळलं नाही. डॉक्टरबाई तिच्या डोक्याशी येऊन म्हणाल्या, "थांबलं. पिशवी जागेवर आहे."

"कोणाची?" स्टेलानं विचारलं.

"तुझी, बाळा. तुझीच."

बाहेर दयाबाई नात घेऊन बसल्या होत्या. सॅमसन भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. स्टेलाच्या डोळ्यांत मात्र थेंबही आला नाही. सोनईला परतल्यावरही झोपेतून जागी झाली की आधी ती अंगाखालची चादर चाचपायची.

भेटायला आलेल्या बायका विचारायच्या, "कसं झालं गं?" ती म्हणायची, "बरं झालं." सॅमसनला मात्र एकदा म्हणाली, "मला अजून वाटतं, ते सगळं दुसऱ्याच कुणा बाईला झालं. अन् तिची लेक सांभाळायला माझ्याकडे दिलीय."

तेवढ्यात पोरगी भुकेनं कुरकुरली. स्टेलानं टाक्यांवर हात दाबत एका कुशीवर होऊन तिला जवळ ओढलं.