वीतभर मोकळी जागा

गिरणीचा संप मोडल्यावर गुणाजी परब आमच्या साकीनाक्याच्या कारखान्यात आला. मालवणकडचा माणूस. अर्धं आयुष्य गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काढलेलं, पण आमच्याकडे पडेल ते काम करायचा. मी तिथे स्टोअर सांभाळत होतो आणि दुपारी आम्ही एकत्र डबा खायचो, म्हणून त्याच्याबद्दल एवढं सांगू शकतो. तेही नीट जमेल की नाही कोण जाणे.

आमचे मालक विद्याधरसाहेब यांनी गहू पेरायचं यंत्र बनवलं होतं. कारखान्यामागच्या रिकाम्या प्लॉटवर अर्धा गहू हाताने फोकून आणि अर्धा यंत्राने पेरायचा, आणि फेब्रुवारीत नाशिककडच्या शेतकऱ्यांना फरक दाखवायचा, असं ठरलं.

"गुणाजी, तू शेतकऱ्याचा मुलगा ना? मग तूच सांभाळ. ऑर्डर मिळाली की तुला परमनंट करतो," साहेब म्हणाले.

घाटकोपरच्या खोलीत त्याच्या बायकोने, सुगंधाने, तेवढ्यावरच सत्यनारायण बोलून टाकला.

पण गुणाजीला ठाऊक होती ती भाताची शेती. नोव्हेंबरात पेरणी करून साहेब यंत्र घेऊन प्रदर्शनांना गेले, ते महिनाभर. इकडे गहू उगवला. फोकलेला भाग कसा हिरवागच्च. यंत्राच्या भागात मात्र सरळ ओळी, आणि दोन ओळींमध्ये वीतभर जमीन उघडी.

"जमीन अशी उघडी ठेवतत काय रे?" गुणाजी मला म्हणाला. "आमच्याकडे लावणीत रोप मेला, तर लगेच थय दुसरा लावतंव. ह्या बघून साहेबांका हसतले ना लोक!"

"साहेबांना विचार की."

"खंयच्या गावात आसत ते, तुका तरी ठाव आसा?"

त्याने प्रत्येक ओळीमधली जागा दाणे टाकून भरून काढली. वाकून, एकेक दाणा बोटाने दाबत. थोड्याच दिवसांत तो भागही गच्च झाला. मला तर ते छानच दिसलं.

साहेब परतले आणि प्लॉटच्या कडेला बसून हाताने ओळी शोधू लागले.

"अरे, हे काय केलंस! ती जागा फुटव्यांसाठी होती. मोकळं ऊन मिळालं की एका दाण्यातून चार-पाच ताटं फुटतात आणि मधली जागा आपोआप भरते. आता दाटीत काड्याच राहणार नुसत्या."

"मधला उपटून काढू?"

"मुळं एकमेकांत गेली असतील. चांगलंही उपटून येईल."

"परत पेरूया?"

"फेब्रुवारीला दाखवायचं काय मग?"

पुढे बघत राहण्याखेरीज कुणाच्याच हातात काही नव्हतं. यंत्राच्या भागातली पानं खालून पिवळी पडली. काड्या उंच गेल्या आणि ओंब्या धरताच आडव्या झाल्या. गुणाजीने बांबूच्या काठ्या रोवून सुतळी बांधली. गहू सुतळीवरून पलीकडे पडला. फोकलेला भाग त्याच्यापेक्षा बरा उभा होता.

शेतकरी आले. त्यांच्यातले वयस्कर राजारामभाऊ पिकात हात घालून म्हणाले, "साहेब, ह्याच्यापेक्षा आमची मूठ बरी की!"

गुणाजी मागून पुढे आला. मी त्याला चारचौघांत बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"चूक माझी हो. यंत्राची नाय. मधलं बी मी टाकलं."

राजारामभाऊ हसले. "गडी चांगला पढवलाय!"

"आईशपथ! ह्या बोटांनी टाकलं." त्याने दोन्ही हात पुढे केले.

तो जितक्या शपथा घेत गेला तितके ते हसत गेले. साहेबांनी सांगितलं असतं तरी कुणाला खरं वाटणार होतं? चहा घेऊन मंडळी निघून गेली.

संध्याकाळी साहेबांनी त्याला प्लॉटवर बोलावलं; मीही सोबत गेलो. रागावले नाहीत. "ऑर्डर नाही. तुला आता कशावर ठेवू, तूच सांग."

गुणाजी माझ्याकडे बघत राहिला. मी सुतळीची सैल झालेली गाठ आवळू लागलो.

"गहू तेवढा कापून देतंय," तो शेवटी म्हणाला, "मग जातंय."

"बरं," साहेब म्हणाले.

ओंब्या अजून हिरव्या होत्या; कापणीला महिना तरी होता. ते आम्हा तिघांनाही दिसत होतं.