रेडिएटरमधली गंगा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. वडील गेल्यावर आईला मी साताऱ्याहून कलकत्त्याला घेऊन आलो, तेव्हा मामानं मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "तिच्याशी जरा सबुरीनं घे." मी घेत होतो, अशी माझी समजूत होती. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीवर आलेला, लग्न व्हायचं असलेला माणूस मी. सकाळी साडेनऊला बाहेर पडायचो, तो संध्याकाळीच परतायचो. मधल्या वेळात भवानीपूरच्या त्या दोन खोल्यांत आई एकटी काय करते, हा प्रश्न मला पडलाच नाही. शेजारच्या बायका बंगाली बोलत, ही मराठी. दोन्हीकडून हसण्यावर भागवायचं.

माझा सगळा जीव गाडीत. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली, लढाईच्या आधीची मोटार होती ती. असल्या म्हाताऱ्या गाडीच्या रेडिएटरमध्ये रोज थोडं तरी पाणी घालावं लागतं. माझ्या गाडीचं झाकण मात्र केव्हाही उघडा, पाणी काठोकाठ. जरा तांबूस दिसायचं, पण जुन्या लोखंडाला गंज असायचाच. समोरच्या फळीवर इंजिनातल्या पाण्याची उष्णता दाखवणारा काटा होता, तोही सदा थंड बाजूला पडलेला. "याला म्हणतात इंजिन!" असं मी ऑफिसात छाती फुगवून सांगत असे.

चैत्र संपता संपता एका संध्याकाळी आई म्हणाली, "मला मामाकडे साताऱ्याला पोचव. इथं माझं काय काम आहे?"

मी म्हटलं, "बरं. तिकिटाची चौकशी करतो."

ती पोळ्या लाटत राहिली. पोळी मात्र तव्यावर करपली, आणि आईच्या हातून पोळी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. ती जाऊ नये असं मला फार वाटत होतं. पण तिची इच्छा असेल तर आपण आड का यावं, असा शहाणपणा मी केला.

रविवारी आम्ही दोघं तिकीट काढायला हावड्याला निघालो. पुलावर ही गर्दी! ट्राम, बैलगाड्या, हातगाड्या, सगळं मुंगीच्या चालीनं सरकत होतं. पुलाच्या मध्यावर इंजिनातून फुस्स आवाज आला आणि बॉनेटच्या फटींतून वाफेचे लोट निघाले. मी काट्याकडे पाहिलं. काटा थंड! अंगावर वाफ येत असताना तो निर्लज्ज काटा आरामात पडून होता. मागून हॉर्न, शिव्या, वरून ऊन. आई पदरानं मला वारा घालत होती आणि मी तिच्यावर "थांब गं जरा!" म्हणून खेकसलो. अर्ध्या तासानं इंजिन निवलं, तेव्हा थांबत थांबत घरी आलो. तिकीट राहिलंच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गल्लीच्या तोंडावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं आधी रेडिएटरची खालची तोटी सोडली. पाणी कसलं, पातळ चिखल वाहू लागला. मग इंजिनाच्या माथ्यावर बसवलेली नळकांडी त्यानं पान्यानं हलके हलके फिरवून बाहेर काढली. करंगळीएवढी तांब्याची नळकांडी, तिच्यातून केसासारखी बारीक नळी थेट काट्यापर्यंत गेलेली. पाणी तापलं की नळकांडीतला द्रव फुगतो आणि काटा सरकतो, एवढीच त्यातली करामत. नळकांडीवर गाळाचा जाड थर बसला होता. मिस्त्रीनं तो खरवडला, तर खाली टाचणीच्या टोकाएवढं भोक, आतला द्रव केव्हाच गळून गेलेला.

"बाबू, इसका तो कब का जान निकल गया," तो म्हणाला. "कीचड़ ने खा लिया. ये मैला पानी कौन डालता है?"

मला हिंदी येत होतं, पण राग मराठीतच आला. "कुठल्या गाढवानं हा चिखल ओतला माझ्या गाडीत?"

"मी ते गाढव," मागून आई म्हणाली. मिस्त्रीसाठी चहाचा पेला घेऊन ती उभी होती.

मग सगळं कळलं. कलकत्त्याच्या घरांतून दोन नळ असत, एक पिण्याच्या पाण्याचा आणि एक अंगण, मोरी धुवायच्या गढूळ पाण्याचा. हे दुसरं पाणी सरळ गंगेतून येतं, असं झाडूवालीनं तिला खुणांनी सांगितलं होतं. आमच्याकडे काशीहून आणलेला गंगेचा गडू लाखेनं बंद करून देव्हाऱ्यात ठेवतात. तो फुटतो माणसाच्या शेवटच्या घोटाला. आणि इथं अंगणात गंगा धो धो वाहतेय! मी झाकण उघडून पाणी पाहतो हे तिनं पाहिलं होतं. रोज पहाटे स्नान करून ती तांब्याभर गंगा माझ्या गाडीत ओतायची आणि हात जोडायची, मुलगा सुखरूप घरी येऊ दे म्हणून. चार महिने.

ती पेला ठेवून आत गेली. खिडकीतून दिसलं, ती ट्रंकेत लुगडी भरत होती.

मिस्त्रीला मराठी कळत नव्हतं, पण एवढं कळायला भाषा कशाला लागते? मोटारींचे जुने भाग मिळतात त्या मल्लिक बाजारातून जुना पण धड काटा, नळी आणि नळकांडी असा पुरा संच तो तासाभरात घेऊन आला. नळी कापायची नाही, मुडपायची नाही, उरली तर वेटोळं करून ठेवायची, हे मला बजावत त्यानं काटा फळीत बसवला. मग दाराशी जाऊन हाक मारली, "मा! गरम पानी चाहिए. और काँटा भी आप ही देखेंगी."

"मी बघतो ना," मी म्हटलं.

"आप ने चार महीना देखा, बाबू," तो म्हणाला.

स्वयंपाकघरातल्या भांड्याला परक्याचा हात लागू न देणारी आई उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि ते मिस्त्रीच्या हातात देऊन माझ्या जागेवर, स्टिअरिंगसमोर बसली. मिस्त्रीनं नळकांडी पातेल्यात बुडवली.

"उठला! उठला!" ती लहान मुलीसारखी ओरडली.

मग त्यानं नळकांडी जागेवर पिळून बसवली, रेडिएटर तीनदा धुऊन पिण्याच्या नळाचं पाणी भरलं आणि इंजिन चालू करून दाखवलं. काटा सावकाश मध्यावर येऊन थांबला. मिस्त्री गेल्यावरही आई गाडीतून उतरली नाही. मी शेजारी जाऊन बसलो.

"हावड्याला जाऊन येऊ," ती काट्याकडे बघत म्हणाली. "आता गाडी नीट आहे."

"तिकीट नको," मी म्हटलं. "आई, तू जाऊ नकोस. तू घरात नसलीस तर मला इथं करमायचं नाही."

तिनं डोळे पुसले आणि मग माझ्याकडे अशा रागानं पाहिलं की माझा राग कुणाकडून आलाय ते मला त्या दिवशी समजलं.

"हे आल्या दिवशी म्हणाला असतास," ती म्हणाली, "तर काम हवं म्हणून मी गाडीला कशाला पाणी पाजत बसले असते?"